चेहरा फक्त विहारात जुळतो

दहावीत गेल्यावर दीक्षा गजभियेला एक शोध लागला: आपण उभं राहून मोठ्यानं बोललो की समोरचे गप्प बसतात. हा शोध लागला भिलाईतल्या सेक्टर सहाच्या शाळेत, वादविवाद स्पर्धेत. विषय होता 'तंत्रज्ञान: मानवाधिकारांचा मित्र की शत्रू'. पहिल्या फेरीत तिच्या चिठ्ठीत 'मित्र' निघालं, ती जिंकली. शेवटच्या फेरीत 'शत्रू' निघालं, तरीही तीच जिंकली. तेव्हापासून तिची खात्री झाली होती की आपल्याला न सुटणारे प्रश्न फक्त त्रिकोणमितीत असतात. घरी जामुलला जाताना बसमध्ये ती खिडकीच्या जागेवरून भांडायची, तेसुद्धा हात उंचावून, 'तीन मुद्दे आहेत' असं म्हणून. दुसऱ्या मुद्द्याला समोरचा उठून जागा द्यायचा. तिसरा मुद्दा आजवर कोणीच ऐकलेला नव्हता.

तिची आई सुजाता नेमकी उलट. वस्तीतली अंगणवाडी ती बारा-चौदा वर्षं चालवत होती, पण तिचा आवाज तिथल्या पाळण्यांनाही ऐकू जायचा नाही. पोरांना वजनकाट्यावर बसवायचं, बायांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि दर मंगळवारी पौष्टिक पिठाची पाकिटं वाटायची, हे तिचं काम. पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढायची आणि मोठी झाली की सायकलवरून जाताना "मॅडम, जय भीम!" ओरडायची. ज्यांच्या घरी जय भीम म्हणत नाहीत तीही ओरडायची. मॅडमला असंच म्हणतात अशी त्यांची समजूत होती.

पावसाळा सरता सरता वरून नवीन नियम आला. आतापर्यंत अंगठा नाहीतर सही घेऊन पाकीट मिळायचं. आता सरकारी मोबाईलमधल्या ॲपपुढे प्रत्येक आईनं उभं राहायचं, पापण्या लववायच्या, चेहरा जुळला की हिरवी टिकली येणार, आणि मगच पाकीट. कोणाचं पाकीट कोणी पळवू नये, ज्याचा हक्क त्यालाच मिळावा म्हणून. वाचायला फार छान वाटत होतं. दीक्षानं तर ते वाचून टाळ्याही वाजवल्या.

पहिल्या मंगळवारी रांगेत पहिली होती मोना शेंडे. मोना म्हणजे वस्तीतला सगळ्यात मोठा आवाज. नवरा चंदन रेल्वेच्या ठेकेदाराकडे, रूळ दुरुस्त करणाऱ्या गॅंगमध्ये. कडेवर आठ महिन्यांचं पोरगं, पियूष. पियूषचं वजन काट्यावर नेहमी कमी वजनाच्या पिवळ्या पट्टीत यायचं आणि हिरव्यात कधी जाईल याची सुजाताला त्याच्या आईइतकीच काळजी.

सुजातानं मोनाचं नाव निवडलं आणि मोबाईल तिच्यापुढे धरला.

"चेहरा जुळला नाही," मोबाईल म्हणाला.

"पदर काढ व जरा डोक्यावरचा."

पदर काढला. चेहरा जुळला नाही. कपाळावरची टिकली काढली. जुळला नाही. केस मागे बांधले, पियूषला खाली ठेवलं, तोंड धुतलं, हसून पाहिलं, न हसता पाहिलं.

"ताई, मी मोनाच हावो ना?" मोनानं शेवटी विचारलं. "मले आता शंका येऊन राहिली."

दुसरी बाई आली, तिचाही जुळला नाही. तिसरी, चौथी, कोणाचाच नाही. पाकिटांची थप्पी कोपऱ्यात तशीच. सुजातानं सुपरवायझर अनुजा मॅडमला फोन लावला. अनुजा मॅडम मनानं वाईट नव्हती, पण तिच्याकडे एवढी केंद्रं होती की ती सगळ्यांशी एकच वाक्य बोलायची.

"टिकली नाही तो पाकीट नाही, सुजाताताई. ऊपर से बंद है. मी काय करू?"

"पण मॅडम, बाया माह्यासमोर उभ्या हायेत. मी ओळखतो त्यांले."

"तुम्ही ओळखून काय उपयोग? ॲपनं ओळखलं पाहिजे."

संध्याकाळी हे सगळं ऐकून दीक्षा उभीच राहिली. "मम्मी, यात तीन मुद्दे आहेत."

"एकच सांग," सुजाता म्हणाली. "भाजी करपून राहिली."

"लाइटिंग! तुझ्या केंद्रात अंधार आहे. खिडकी एक, तीही लिंबाच्या झाडाकडे. कॅमेऱ्याला चेहरा दिसतच नाही. विहारात ने सगळ्यांना. तिथे आबांनी एवढे मोठे दिवे लावलेत."

आबा म्हणजे दीक्षाचे आजोबा, सुजाताचे सासरे, कवडू गजभिये. भिलाईच्या स्टील प्लँटातून कोक ओव्हनच्या भट्टीवर नोकरी करून रिटायर झालेले, आणि आता वस्तीतल्या बुद्धविहाराचे सचिव. विहारात दिव्याच्या वातीपासून खुर्चीच्या पायापर्यंत सगळं त्यांच्या हुकमानं चालायचं. दर कार्यक्रमाला प्रास्ताविक, स्वागत, मनोगत, आभार, या क्रमानंच. एकदा विहारात साप निघाला तेव्हाही आबांनी साप पकडणाऱ्याचं आधी पुष्प देऊन स्वागत केलं होतं आणि तोपर्यंत साप निघून गेला होता, असं लोक सांगायचे. आबा म्हणायचे खोटं आहे, साप आभारापर्यंत थांबला होता.

विहार त्यांनी आनंदानं दिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया तिथे जमल्या. समोर उंच चौथऱ्यावर नागपूरहून आणलेली पांढरी शुभ्र बुद्धमूर्ती, तिच्यावर दोन्ही बाजूंनी दिवे. मोना मूर्तीपुढे उभी राहिली. सुजातानं मोबाईल धरला. मोनानं पापण्या लववल्या.

हिरवी टिकली!

"आली!" दीक्षा एवढ्या जोरात ओरडली की पियूष रडायला लागला. दुसरी बाई आली, टिकली. तिसरी, टिकली. तासाभरात पाकिटांची थप्पी संपली. दीक्षा दारात उभी राहून जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होती, "लाइटिंग होतं, काकू. फक्त लाइटिंग."

बायांनी मान डोलावली. पण राधाबाईनं नाही डोलावली. राधाबाई म्हणजे मोनाची सासू. सासूच्या नजरेतून काही सुटत नसतं. तिनं मूर्तीकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, आणि हात जोडून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा विहार उघडायला गेले आणि तिथूनच त्यांची हाक आली. अशी हाक, की दीक्षा ब्रश तोंडात घेऊनच धावली.

विहाराच्या पायरीवर नारळ फोडलेला होता. शेजारी उदबत्ती, चिमूटभर कुंकू आणि पेढा. पेढ्याला मुंग्या लागल्या होत्या.

"कोणी केलं हे?" आबा ओरडले. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपन! नवस नाई, नारळ नाई, चमत्कार नाई! साठ वर्षांत या पायरीवर कोणाची नारळ फोडायची हिंमत नाई झाली!"

"म्या फोडला कवडूभाऊ," मागून राधाबाई म्हणाली. तिच्या हातात दुसरा नारळ होता. "आंगनबाडीत एकीचाही चेहरा नाई जुळला. इथं सगळ्यांचे जुळले. हे काय मले समजत नाई? तुमचा देव पावला बाप्पा."

"तो देव नाई!"

"मंग पावला कसा?"

कोक ओव्हनच्या आगीपुढे न डगमगलेला माणूस नारळापुढे हतबल उभा होता. दुपारपर्यंत शेजारच्या दोन गल्ल्यांमधून बाया आल्या. एकीला मुलाच्या बॅंकेचं ॲप चालत नव्हतं, तिनं मोबाईल मूर्तीपुढे ठेवून पाहिला. एकीनं गॅसचं बुकिंग तिथूनच केलं. एक म्हातारी नुसता रिमोट घेऊन आली होती.

संध्याकाळी आबांनी दीक्षाला समोर बसवलं. "पोरी, तू मोठी तंत्रज्ञानवाली ना? कारण शोध. प्रत्येक गोष्टीले कारण असते. उद्यापर्यंत कारण नाई सापडलं तं ही राधाबाई इथं दानपेटी ठेवते का नाई पाय."

"कारण लाइटिंग आहे, आबा. सिद्ध करून दाखवते."

सिद्ध करायला तिनं आईचा सरकारी मोबाईल घेतला, आईला घेतलं आणि मोनाला बोलावलं. राधाबाई न बोलावता आली. आधी दीक्षानं सगळे दिवे बंद केले आणि अर्ध्या अंधारात मोनाला मूर्तीपुढे उभं केलं. लाइटिंगच्या सिद्धांतानुसार टिकली यायला नको होती.

टिकली आली.

राधाबाई नुसती खाकरली.

मग दिवे लावून दीक्षानं मोनाला दाराकडच्या भिंतीशी उभं केलं. लख्ख उजेड. आता टिकली यायलाच हवी.

"चेहरा जुळला नाही."

"मी म्हनत नव्हतो?" राधाबाई म्हणाली.

वादविवाद स्पर्धेत असं कधी झालं नव्हतं. तिथे प्रतिस्पर्धी बोलायचे. इथे मोबाईल, भिंत आणि राधाबाई तिघंही वाद न घालताच तिला हरवत होती. तिनं ओठ चावला आणि एक वेडगळ विचार केला. मोनाला बाजूला व्हायला सांगितलं. ॲपमध्ये मोनाचंच नाव निवडलं. आणि मोबाईल सरळ मूर्तीपुढे धरला. समोर माणूस कोणीच नाही, फक्त तथागत.

मोबाईलवरचं चक्र क्षणभर फिरलं आणि तो म्हणाला, "ओळख पटली. श्रीमती मोना शेंडे, शिशुवती माता. कृपया पापण्या लववा."

राधाबाईनं मूर्तीकडे पाहिलं, मग मोनाकडे.

"मी?" मोना म्हणाली.

दीक्षानं दुसऱ्या बाईचं नाव निवडलं. पुन्हा मूर्ती. "ओळख पटली. कृपया पापण्या लववा." तिसरी. तीच ओळख. तथागतांनी अर्थातच पापण्या लववल्या नाहीत. त्यांनी कधीच लववल्या नसत्या.

सगळ्यात आधी सुजाताला कळलं. तिनं तोंडावर हात ठेवला. "मामाजी, बुद्धपौर्णिमा! तुम्ही म्हनले होते ना?"

आबांचा चेहरा हळूहळू बदलला. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला विहारात खीरदान असतं. सगळी वस्ती येते, ज्यांच्या घरी गणपती असतो तेही येतात, कारण खीर सगळ्यांना आवडते. त्याच आठवड्यात सुजाताला सगळ्या आयांचे चेहरे ॲपमध्ये नोंदवायचे होते. तेव्हा ॲप नुसता फोटो काढायचं, पापण्यांचं काही विचारायचं नाही. आणि आबा म्हणाले होते, बाया आयत्याच येऊन राहिल्या, इथंच कर. पण चांगल्या कामाची सुरुवात तथागतांच्या पायाशी झाली पाहिजे. प्रत्येकीनं वंदन करावं आणि तिथंच फोटो काढावा. विहारातला कुठलाही फोटो तसाच निघायचा. लग्नाचा, नामकरणाचा, नोकरी लागल्याचा. मूर्ती पाठीशी नसेल तर आबांच्या लेखी तो फोटोच नव्हता.

तर बाया मूर्तीपुढे उभ्या राहिल्या होत्या, माना वंदनासाठी खाली, डोक्यावर पांढरे पदर. आणि मागे दोन्ही दिव्यांच्या उजेडात एक चेहरा: सरळ समोर बघणारा, न हलणारा, न लाजणारा. ॲपनं निवडला तो चेहरा. प्रत्येक वेळी तोच. सरकारच्या लेखी वस्तीतल्या सगळ्या आयांचा चेहरा एकच होता.

"म्हंजे," मोना बोटं मोजत म्हणाली, "आता चेहरा यांचा जुळते आन् पापणी माही लवते. दोघं मिळून एक मोना."

राधाबाईनं हातातला नारळ हळूच पिशवीत परत ठेवला. "मंग चमत्कार नाई का हा?"

"नाई," आबा म्हणाले. "हा म्या केलेला घोळ हाये." आणि ते खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, अध्यक्षांच्या आधी.

त्या रात्री घरात वाद झाला, आणि दीक्षाला कोणतीच चिठ्ठी निघाली नव्हती, त्यामुळे कोणत्या बाजूनं बोलावं तेच कळेना. पाकिटं तर मिळत होती. दर मंगळवारी विहारात वाटायची, झालं. कोणाचं बिघडलं? सुजाताचं म्हणणं तेच. चुकीची नोंद केली हे वर कळलं तर काम जाईल. तिच्या आधीची सेविका यापेक्षा लहान चुकीवर गेली होती.

पण तीन आठवड्यांनी मोना आली ती धाडकन दारात बसली. "ताई, आमी बोरसीले चाललो. पियूषच्या बापाचं काम तिकडं दुर्गच्या रेल्वेलाइनवर लागलं, खोली पाहिली. महिना संपला का निघू." मग तिनं पियूषला मांडीवर बदललं आणि आवाज खाली आणला. मोनाचा आवाज खाली येतो हे दीक्षानं पहिल्यांदाच ऐकलं. "तिथल्या आंगनबाडीत गेलो होतो चौकशीले. त्या बाईनं मोबाईल धरला. नाई जुळला. आता मी काय करू? हा विहार डोक्यावर घेऊन बोरसीले जाऊ? पोट्टं आताशी जरा भरून राहिलं होतं."

सुजातानं पियूषकडे पाहिलं. पियूषनं तिचं मंगळसूत्र पकडलं आणि तोंडात घातलं. त्याच्या मनगटावर आता एक वळी पडायला लागली होती. ती वळी सुजातानंच मागच्या काट्याच्या वेळी सगळ्यांना दाखवली होती.

सुजातानं अनुजा मॅडमला फोन करून सगळं सांगितलं.

"सुजाताताई," मॅडम म्हणाली, "तुम्ही चेष्टा करून राहिल्या का?"

"नाई मॅडम."

"अहो, मी तुमचं केंद्र शंभर टक्के म्हणून वर पाठवलं! पूर्ण जिले में सिर्फ तुम्हारा शंभर टक्के आहे! मंगळवारी रायपूरहून मोठे साहेब येऊन राहिले, तुमचं कौतुक करायला! आदर्श केंद्र!"

"मंग मोनाचा चेहरा बदलून द्या, मी काही बोलत नाई."

"ते बटण माझ्याकडे नाही. जिल्ह्यातही नाही. चेहरा पुसायचं बटण फक्त रायपूरला."

दीक्षानं फोन हातात घेतला. "मॅडम, म्हणजे ज्यांच्याकडे बटण आहे तेच मंगळवारी इथे येणार आहेत ना?"

"कोण बोलतंय?"

"तिची मुलगी. तीन मुद्दे आहेत."

फोन कट झाला.

मंगळवारी विहार धुऊन-पुसून तयार झालं. आबांनी कार्यक्रम लावला होता, प्रास्ताविकासकट. दीक्षानं रात्री बसून भाषण पाठ केलं होतं, मानवाधिकारांचं, तंत्रज्ञानाचं, मध्ये एक शेर. अनुजा मॅडम तिला दारातच म्हणाली, "बेटा, तू बोलू नको हं. कुछ भी हो जाए."

साहेब आले. गोरेगोमटे, गळ्यात ओळखपत्र, बरोबर फोटो काढणारा एक जण. स्वभावानं हौशी दिसत होते. आबांचं प्रास्ताविक सुरू झालं, ते वस्तीच्या स्थापनेपासून. प्लँटाची पहिली भट्टी पेटायच्या आतच साहेबांनी हात जोडले. "बहुत सुंदर. अब डेमो देख लें?"

मोना पुढे आली, मूर्तीपुढे उभी राहिली, पापण्या लववल्या. हिरवी टिकली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला.

"देखिए," साहेब सगळ्यांकडे वळून म्हणाले, "यही है तकनीक. पहले कोई भी आकर किसी का भी हक ले जाता था. अब मशीन को धोखा नहीं दे सकते. जिसका हक, उसी को."

सुजातानं मोनाकडे पाहिलं. महिना संपायला फार दिवस नव्हते. दीक्षा उभी राहिली. अनुजा मॅडमनं डोळे मिटले. दीक्षा भाषण आठवायला गेली तर शेरच आधी आठवला, आणि तोही अर्धा. मग तिनं सगळंच सोडून दिलं.

"सर," ती म्हणाली, "मोनाताईच्या जागी एकदा आप खडे हो जाइए ना."

"मैं?"

"मशीन धोखा खाते का, बघू. मजा येईल सर. फोटोपण चांगला येईल."

फोटो म्हटल्यावर साहेब उभे राहिले. कॉलर नीट केली. सुजातानं मोनाचंच नाव निवडलं आणि मोबाईल धरला. साहेबांच्या खांद्यामागे, उजेडात, तथागत होतेच. साहेबांनी हसून पापण्या लववल्या.

मोबाईल म्हणाला, "चेहरा जुळला. श्रीमती मोना शेंडे, शिशुवती माता. आहार द्यावा."

फोटोवाल्यानं सवयीनं फोटो काढला.

मग राधाबाईनं पदर तोंडात कोंबला, आणि त्यातून जो आवाज निघाला त्यानं सगळं विहार हसत सुटलं. आबा मात्र गंभीर. "साहेब," ते म्हणाले, "हे लोक म्हनत होते चमत्कार होऊन राहिला. म्या सांगतलं, नाई. यंत्राले नीट दिसत नाई. आता तुमीच सांगा यांले, माह्यं कोणी ऐकत नाई."

"ये क्या मजाक है?" साहेब लाल झाले. "किसने किया रजिस्ट्रेशन?"

"मी," सुजाता म्हणाली. आणि हे तिनं एवढ्या मोठ्यानं म्हटलं की दीक्षानं वळून पाहिलं. "बुद्धपौर्णिमेला, इथंच. ॲपनं मूर्तीचा चेहरा घेतला आन् मले टिकली दाखवली. मी पाहिलं नाई, चूक माही. पण सर, तीन महिने..."

"महिन्याभरापासून, मम्मी," दीक्षा कुजबुजली.

"तू गप व. सर, कितीही दिवस असू द्या. या बाया इथंच पाकीट घेऊ शकतात, या मूर्तीपुढे. ही बोरसीले चालली. तिथं ही कोणीच नाई. लेकरू हिच्या पोटचं हाये आन् कागदावर हिचा चेहराच नाई."

"देखिए, प्रक्रिया होती है," साहेब म्हणाले. "आवेदन दीजिए, जाँच होगी, तब तक पात्रता रोकनी पड़ेगी."

त्या सरकारी हिंदीतला 'रोकनी' हा शब्द मोनाला बरोबर कळला. ती तीन पावलांत साहेबांपुढे आली आणि पियूषला सरळ त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी धरलं, कारण न धरता इलाजच नव्हता.

"घ्या," मोना म्हणाली. "आता मशीन म्हनते तुमीच मोना. हे पोट्टं तुमचं. पाकीट बी तुमचंच. दिवसातून चार बार खाते, पातळ लागते, गुठळी झाली का थुंकते. रात्री दोनदा उठते. अन् डाव्या कुशीवर झोपवाल तं झोपत नाई. बोरसीले नाई जात आता मी. जातो घरी, आराम करतो."

आणि ती खरंच दाराकडे निघाली.

"अरे! सुनिए! बहनजी!"

पियूषनं साहेबांकडे नीट पाहून घेतलं. मग त्यानं गळ्यातलं ओळखपत्र धरलं, तोंडात घातलं आणि निवांत चघळायला लागला. साहेबांच्या फोटोवर लाळ. साहेबांनी ओढून पाहिलं, पण आठ महिन्यांच्या पोराची पकड काय असते ते ज्यानं पोरं वाढवली त्यालाच माहीत. फोटोवाला मधूनमधून क्लिक करत होता. त्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं.

"अनुजाजी," साहेब पोराला झोका देत म्हणाले, कारण पोर हातात आलं की झोका आपोआप दिला जातो, "ये फेस रीसेट किसके लॉगिन में है?"

"आपके, सर."

"मेरे?"

"सिर्फ आपके, सर. हमने छह बार लिखा था. दूसरे केंद्रों के लिए भी."

साहेबांनी पुन्हा झोका दिला. विहारातल्या सगळ्या बाया त्यांच्याकडे बघत होत्या. चेहरा नसलेल्या सगळ्या. मग त्यांनी एका हातानं खिशातून मोबाईल काढला. पण पासवर्ड टाकायला दोन हात लागत होते आणि एका हातात पियूष. शेवटी पासवर्ड त्यांनी सांगितला आणि अनुजा मॅडमनं टाकला, सगळ्यांच्या समोर. दीक्षानं सभ्यपणे कान झाकले. राधाबाईनं नाही झाकले.

एकेक नावापुढचा चेहरा पुसला गेला. आबांनी मोनाला हाक मारून दारातून परत आणलं आणि यावेळी स्वतः, स्वतःच्या हातानं, खुर्ची उचलून रिकाम्या भिंतीशी ठेवली. वरचा घड्याळाचा खिळासुद्धा उपटून टाकला. "बस इथं," ते म्हणाले. "मागं कोणी नाई पायजे. एकटी बस."

मोना बसली. एकटीनं. तिला ते जरा अवघडच गेलं. विहारातला तिचा प्रत्येक फोटो कोणाच्या ना कोणाच्या पाठबळावर निघाला होता. साहेब पोर घेऊन बाजूला उभे. दीक्षानं मोबाईल धरला. पापण्या लवल्या.

हिरवी टिकली. आणि यावेळी टिकलीखाली फोटोही दिसला, कारण दीक्षानं तो मोठा करून दाखवायचा असा हट्टच धरला होता. मोनानं तो बराच वेळ पाहिला.

"असा कसा व हा? भांडायले उठल्यावानी दिसून राहिली मी."

"दुसरा काढू का?" दीक्षानं विचारलं.

"खबरदार!" साहेब, अनुजा मॅडम आणि राधाबाई एकदमच ओरडले.

मोनामागून बाकीच्या बायाही त्याच खुर्चीवर बसल्या. पुढच्या आठवड्यात सुजाताच्या नावानं एकाच लिफाफ्यात दोन कागद आले. एक आदर्श केंद्राचं प्रशस्तिपत्र, दुसरी नोंदणीत हलगर्जी केल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस. दोन्हींवर सही एकाच साहेबांची. आबा म्हणाले प्रशस्तिपत्राची फ्रेम करू. सुजाता म्हणाली आधी नोटिशीचं उत्तर देऊ, नोकरी राहिली तं फ्रेमचं पाहू. ती रात्रभर लिहीत बसली. दीक्षानं मुद्दे काढून देते म्हटलं तर तिनं दार लावून घेतलं.

ते उत्तर पोस्टात पडलं त्याच दिवशी बोरसीहून मोनाचा फोन आला. स्पीकरवर टाकायची गरजच नव्हती.

"ताई! जुळला! पहिल्याच झटक्यात! इथली आंगनबाडीवाली म्हनते, बाई तुमचा फोटो पाहून मले आधी भीतीच वाटली!" मागे पियूष किंचाळत होता, पोटभर खाऊन झाल्यावर पोरं किंचाळतात तसा. "आन् काट्यावर बसवलं त्याले. सांगू का? ताई, ऐकून राहिल्या ना? हिरव्यात गेला! जेमतेम गेला, पण गेला!"

फोन कानाला तसाच धरून सुजाता उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली, एवढ्या मोठ्यानं की शेजारची दोन पोरं काय झालं ते बघायला आली.